१८० सैनिक, पाच आठवडे: चिमुकलं सैन्य झटपट रंगवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

१३ जुलैला, पावनखिंडीच्या दिवशी, कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये आम्ही चौघा मित्रांनी एक टेबल मांडलं होतं. आठ फूट लांब, चार फूट रुंद. एका टोकाला पन्हाळ्याचा उतार, दुसऱ्या टोकाला घोडखिंड (हीच पुढे पावनखिंड झाली), मधे चिखलाची वाट आणि त्या वाटेवर १८० सैनिक. एकेक सैनिक अंगठ्याच्या पेराएवढा. बाहेर पाऊस कोसळत होता, तरी माणसं छत्र्या झटकत आत येत होती, वाकून बघत होती आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता.

"एवढी बारकी माणसं तुम्ही हातानं रंगवलासा? किती वरसं लागली ओ?"

"पाच आठवडे, मावशी."

मावशींना ते काही खरं वाटलं नाही. शेजारचे काका म्हणाले, "मग मशीनवर रंगवली असणार." त्यांच्यासोबतचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "नाही काका, ह्याला स्पीडपेंटिंग म्हणतात. शॉर्टकट असतोय."

मशीन नव्हतं. आणि शॉर्टकट हा शब्द मला पटत नाही. २०२५ च्या जुलैत पन्हाळ्यासह बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून शाळाशाळांतून आम्हाला विचारणा होते: असं टेबल आमच्या मुलांना करता येईल का? येईल. पण त्यासाठी हे काम कसं चालतं ते मुळापासून कळायला हवं. त्या दिवशी गर्दीत सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

## आधी हा खेळ काय आहे

टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायची, याला वॉरगेमिंग म्हणतात. बुद्धिबळाचाच हा लांबचा भाऊ, पण इथे घरं आखलेली नसतात. सैनिक किती पुढे सरकवायचा ते टेपने मोजतात, वार लागला की हुकला ते फाशांवर ठरतं आणि चढ, नदी, चिखल यांचा परिणाम नियमांतच धरलेला असतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ वापरात आला. तिथे बाहुल्या नव्हत्या, नकाशावर सरकवायचे ठोकळे होते. बाहुल्या पुढे छंद म्हणून खेळणाऱ्यांनी आणल्या.

सैनिकांची मापं ठरलेली असतात. ६ मिलिमीटर, १५ मिलिमीटर आणि सगळ्यांत जास्त चालणारं २८ मिलिमीटर. आमचे सैनिक २८ चे. नेपोलियनच्या काळातले फ्रेंच-इंग्रज किंवा रोमन सैनिक बाजारात ढिगाने मिळतात, मावळे मात्र शोधावे लागतात. आमचे बरेचसे थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये, म्हणजे टणक होणाऱ्या एका प्लास्टिकमध्ये, काढलेले आहेत, थोडे धातूचे ओतीव आहेत. एक बाहुली म्हणजे पाच माणसं असं आम्ही धरलं. खिंडीत बाजीप्रभूंबरोबर थांबलेल्यांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा तीनशेचा, म्हणून ६० मावळे. उरलेले १२० पाठलागावर आलेले आदिलशाही सैनिक.

## घोडं अडतं कुठे

एक सैनिक मन लावून, डोळ्यांच्या बुबुळापासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत रंगवायला मला तीन तास लागतात. १८० सैनिकांचे ५४० तास. नोकरी, घर सांभाळून रोज दीड तास काढला तर ३६० दिवस. म्हणजे वर्ष गेलं.

प्रत्यक्षात वर्षही पुरत नाही. दहावा-बारावा सैनिक झाला की हात कंटाळतो, डबा कपाटात जातो आणि राहिलेलं सैन्य राखाडीच राहतं. या छंदात पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी असा एक डबा आहे, माझ्याकडेही होता. लढाई मांडायला दोन्ही बाजूंचं अख्खं सैन्य लागतं. आठ देखणे मावळे आणि बावन्न बिनरंगाचे, यांनी पावनखिंड उभी राहत नाही.

मी १८० सैनिक ५४ तासांत केले. दर सैनिकामागे १८ मिनिटं. रोज दीड तासाप्रमाणे ३६ दिवस. हे जमलं ते हात भरभर चालवून नव्हे. एक साधी गोष्ट नीट समजल्यामुळे जमलं, ती आता सांगतो.

## ५४ मीटरवरचा माणूस

२८ मिलिमीटरचा सैनिक खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या भागाएवढा असतो. टेबलाच्या कडेला उभा असलेला माणूस त्या सैनिकापासून साधारण ९० सेंटिमीटरवर असतो. ९० सेंटिमीटर गुणिले ६० म्हणजे ५४ मीटर. म्हणजे टेबलाशी उभं राहून तो मावळा बघणं आणि खराखुरा मावळा ५४ मीटरवरून बघणं, डोळ्याला दोन्ही सारखंच.

संध्याकाळी रंकाळ्यावर जा आणि पन्नास-पंचावन्न मीटर पुढे चाललेल्या माणसाकडे बघा. त्याचे डोळे दिसतात का? शर्टाची बटणं? चपलेचा अंगठा? यातलं काही दिसत नाही. दिसतो तो टोपीचा रंग, सदरा कुठे संपतो आणि विजार कुठे सुरू होते ती रेघ, टोपीखालची आणि हनुवटीखालची सावली, खांद्यावर पडलेलं ऊन. एवढ्यावर आपण माणूस ओळखतो, पुष्कळदा नावानिशी ओळखतो.

२८ मिलिमीटरच्या सैनिकाचा डोळा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असतो. तो रंगवायला मला दहा-बारा मिनिटं लागायची, हात थरथरला की पुन्हा पहिल्यापासून. आणि टेबलावर ठेवल्यावर तो कुणाला दिसायचाच नाही.

पण सावलीचा मामला उलटा आहे. खऱ्या माणसाच्या अंगरख्याची चुणी बोटभर खोल असते, तिच्यात अंधार आपोआप साचतो. बाहुलीवर तीच चुणी कागदाच्या जाडीएवढी. त्यात हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड चारी बाजूंनी येतो, त्यामुळे तिची सावली पडून पडत नाही. एकाच सपाट रंगात रंगवलेला सैनिक म्हणूनच प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो, रंग कितीही महाग असो. सावली आणि ऊन आपल्याला रंगाने घालावं लागतं.

म्हणजे तीन गोष्टी साधल्या की काम झालं: रंगांचे मोठे भाग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे हवेत, खाचाखोचांत गडदपणा हवा, माथ्यावर आणि खांद्यावर उजेड हवा. स्पीडपेंटिंगमधली एकूण एक युक्ती या तिन्हींसाठी आहे. सिनेमाची हातानं रंगवलेली बॅनरं ज्यांनी उभी करताना बघितली आहेत त्यांना हे लगेच पटेल. शिडीवरून बघितलं तर नाक म्हणजे तांबड्या-निळ्या रंगाचे चार फटकारे. रस्त्यापलीकडून तोच हिरो.

## गणपतीच्या कारखान्यातली रीत

आता एवढे सैनिक रंगवायचे कुठल्या क्रमाने? नवीन माणूस एक सैनिक घेतो, तो पूर्ण करतो, मग दुसरा घेतो. हे फार महागात पडतं, कारण वेळ रंग लावण्यात जात नाही. डबी उघडणं, रंग पातळ करणं, ब्रश धुणं, आता कुठला रंग घ्यायचा याचा विचार करणं, यात तो जातो.

श्रावणात बापट कॅम्पला किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत चक्कर मारा. कारागीर एकेक गणपती पुरा करत बसलेला दिसणार नाही. आज पितांबर म्हणजे पितांबरच. ओळीने सगळ्या मूर्तींचे पितांबर पिवळे. मग शेले, मग दागिन्यांचं सोनेरी. आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे, ते जाणत्या हाताचं काम.

सैनिकांचंही अगदी तसंच करायचं. याला इंग्रजीत बॅच पेंटिंग म्हणतात, मी घाणा म्हणतो, चकल्यांचा असतो तसा. माझा घाणा पंधराचा. पंधरा सैनिक आइस्क्रीमच्या काड्यांवर पाच-पाचच्या ओळीत चिकटवायचे, म्हणजे बोट रंगाला लागत नाही. मग पंधरा जणांची त्वचा, पंधरा जणांचे अंगरखे, पंधरा मुंडाशी. शेवटच्याचा अंगरखा होईतो पहिल्याचा वाळलेला असतो, त्यामुळे वाट बघण्यात वेळ जात नाही. तीस-चाळीसचा घाणाही करून बघितला. त्यात पुढचा रंग कधी येईल असं होतं आणि मन उडतं. पंधरा बरे.

## अस्तर, भाकरी आणि मिसळीचा कट

आता प्रत्यक्ष काम. इथे जरा सावकाश जातो, कारण सगळी गंमत इथे आहे.

साच्यातून निघालेल्या सैनिकाच्या अंगावर साचा जुळल्याची बारीक रेघ असते, ती आधी खरवडून काढायची. शिरोलीत फौंड्रीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, कास्टिंगचं फेटलिंग करतात तेच हे, फक्त ग्राइंडरऐवजी छोटी सुरी आणि नखाची कानस. याला आळस केलेला चालत नाही, कारण पुढच्या पायऱ्यांत रंग नेमका त्या रेघेला उठाव देतो आणि मावळ्याच्या गालावरून व्रण गेल्यासारखा दिसतो. मग साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायचं, साच्याचा तेलकटपणा जायला हवा.

त्यानंतर अस्तर, म्हणजे घराच्या भिंतीला मारतात तसा प्रायमर, इथे स्प्रेच्या डब्यातला काळा. काळाच का? तर ब्रश जिथे पोहोचणार नाही, काखेत, ढालीच्या मागे, तिथे काळा उरतो आणि तो सावली म्हणून खपून जातो. पांढरं अस्तर असतं तर तीच जागा उघडी पडली असती.

पुढची पायरी कोरड्या ब्रशची. मेकअपचा गोल, दाट केसांचा जुना ब्रश यासाठी उत्तम. राखाडी रंगात टेकवायचा आणि फडक्यावर इतका पुसायचा की ब्रश कोरडा वाटावा. मग सैनिकाच्या अंगावरून वरून खाली हलक्या हाताने फिरवायचा. तव्यावरच्या भाकरीला डाग कुठे पडतात? जिथे ती तव्याला टेकते तिथे, खोलगट भाग पांढराच राहतो. इथे रंग तसाच वागतो: चुण्यांच्या धारेवर, नाकाच्या शेंड्यावर, मुंडाशाच्या पिळांवर बसतो, खाचेत उतरत नाही. राखाडी झाल्यावर पांढरा घ्यायचा, आणखी कमी, आणि फक्त वरून, जणू डोक्यावरच्या उन्हातून. माथा, खांदे, गुडघे. पंधरा सैनिकांना दहा-बारा मिनिटं लागतात, आणि त्या पांढऱ्या हातानंतर ते पंधराही जण जुन्या कृष्णधवल फोटोतल्या माणसांसारखे दिसायला लागतात. मला अजूनही हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो. रंगाचा थेंबही लागलेला नसतो आणि चेहरे दिसायला लागलेले असतात.

आता रंग. पण नेहमीचा नाही. नेहमीच्या अॅक्रिलिक रंगात रंगद्रव्य भरपूर असतं, तो खालचं झाकून टाकतो, मग आपण केलेलं ऊन-सावलीचं काम वाया. इथे लागतो पारदर्शक आणि वाहता रंग. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये असे रंग कॉन्ट्रास्ट नावाने आणले, मग इतर कंपन्यांचेही आले. यात रंगद्रव्य कमी आणि पारदर्शक माध्यम जास्त असतं. त्यामुळे उंचवट्यावरून तो ओघळतो आणि खाचेत साचतो.

मिसळीच्या ताटात फरसाणावर कट ओतला की काय होतं ते आठवा. वर आलेली शेव पिवळीच राहते, जरासा तांबूसपणा चढतो एवढंच. तो सगळा लालभडक कट खाली, फटीत उतरतो. कॉन्ट्रास्ट रंग म्हणजे तो कट. उंचवट्यावर पातळ, म्हणून खालचा पांढरा झळकतो. खाचेत दाट, म्हणून गडद. ब्रशच्या एकाच फिरवण्यात एका रंगाच्या तीन छटा मिळतात, ज्या पूर्वी तीन वेळा तीन डब्या उघडून मिळायच्या.

दोन पथ्यं पाळायची. रंग कुठे थेंब होऊन साचला तर कोरड्या स्वच्छ ब्रशच्या टोकाने लगेच टिपून घ्यायचा. आणि अर्धवट वाळत आलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, नाहीतर चट्टे पडतात, भिंतीला ओल धरल्यासारखे. चुकलं तर पूर्ण वाळू द्यायचं, त्यावर पांढरा लावायचा आणि मग तेवढाच भाग पुन्हा करायचा.

एका मावळ्याचा क्रम सांगतो. पहिली त्वचा, कारण ती सगळ्यात आत असते. मग मळकट पांढरा अंगरखा, मग मुंडासं, शेला, खांद्यावरची घोंगडी, ढालीचं कातडं, भाल्याची काठी. आतून बाहेर, म्हणजे एखादा रंग रेघेबाहेर गेला तरी पुढचा त्याला झाकतो. तलवारीचं पातं तेवढं साध्या चंदेरी अॅक्रिलिकने, त्यावर पातळ काळसर पाण्याचा एक हात. या पातळ गडद पाण्याला वॉश म्हणतात. घासलेल्या नक्षीच्या समईवर वरची फुलं चकाकतात आणि रेघांत काळं राहतं, त्या काळ्यामुळेच नक्षी वाचता येते. वॉश तेच काम करतो.

कॉन्ट्रास्ट रंग येण्याआधी लोक साध्या सपाट रंगात सैनिक रंगवून तपकिरी लाकूड-पॉलिशच्या वॉर्निशमध्ये चक्क बुडवायचे आणि झटकायचे. तत्त्व तेच. अजूनही काही जण करतात, पण सगळं सैन्य जरा एकाच रश्श्यातून काढल्यासारखं दिसतं, म्हणून मला ते फारसं आवडत नाही.

आयात रंग परवडत नसतील तर कुठल्याही चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या अॅक्रिलिकमध्ये पारदर्शक मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, माध्यम आणि थोडं पाणी घालून जवळपास जाणारा रंग घरी होतो. काकवीपेक्षा बराच पातळ, चहापेक्षा जरा दाट. नुसतं पाणी घालू नका, रंग फुटतो आणि कण वेगळे दिसतात.

## पायाखालची माती

हा भाग पुष्कळ जण शेवटी उरकून टाकतात, आणि तिथेच चुकतात. सैनिक ज्या चकतीवर उभा असतो ती नीट सजवली तर साधा रंगवलेला सैनिकसुद्धा उठून दिसतो. चकतीवर फेविकॉल, त्यावर चाळलेली वाळू. वाळल्यावर जांभ्या दगडाच्या मातीचा तांबडा-तपकिरी रंग, वर फिकट रंगाचा कोरडा ब्रश, कडेला गवताचा एखादा झुबका. आमची लढाई आषाढातली, म्हणून मातीच्या खळग्यांत चकाकणाऱ्या वॉर्निशचा एकेक थेंब सोडला. तो थेंब वाळूनही ओलाच दिसतो. टेबलावर बघणाऱ्या कितीतरी जणांनी पहिलं बोट त्या चिखलाकडे दाखवलं.

## कोल्हापूरच्या पावसाचं काय करायचं

परदेशी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगणं भाग आहे. रंगाला धक्का लागू नये म्हणून शेवटी मॅट वॉर्निशचा स्प्रे मारतात. एका जुलैत संध्याकाळी, पावसाची सर थांबली म्हणून मी गच्चीवर साठ सैनिकांवर तो मारला. सकाळी बघतो तर साठच्या साठ पांढुरके, धुक्यात बुडाल्यासारखे. पाच आठवड्यांतले जवळजवळ दोन आठवडे त्या साठांत होते. पोटात खड्डा पडला.

कारण साधं आहे. हवेत दमटपणा जास्त असला की वाळत्या वॉर्निशच्या थरात बाष्प अडकतं आणि थर दुधाळ होतो. यावर उपाय निघाला: कोरड्या, उन्हाच्या दिवशी ब्रशने चकाकीच्या वॉर्निशचा पातळ हात दिला. पांढुरकेपणा बराचसा गेला, मग वरून ब्रशनेच मॅट वॉर्निश. चार सैनिक मात्र पुन्हा रंगवावे लागले.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हात लावत नाही. अस्तर आणि वॉर्निश दोन्ही ब्रशने. वेळ थोडा जास्त जातो, पण जीव टांगणीला लागत नाही. स्प्रेचं काम जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी उरकून ठेवतो. एप्रिल-मेच्या दुपारीही नको, कारण तेव्हा उलटं होतं, रंग डब्यातून निघून सैनिकापर्यंत पोहोचायच्या आत वाळतो आणि अंगावर रव्यासारखी खरखर बसते.

## "पण ही तर फसवणूक झाली"

त्या कॉलेजच्या मुलाचा आक्षेप हाच होता आणि तो कलाशिक्षकांकडूनही ऐकलाय. कला म्हणजे मेहनत, इथे रंग आपोआप छटा पाडतो, मग तुमचं काय?

माझं म्हणणं असं. रंगवण्याची वस्तू कुठली ते आधी ठरवा. स्पर्धेत काचेच्या पेटीत ठेवायचा, हातात भिंग घेऊन बघायचा एकच सैनिक असेल, तर त्याला तीस तास द्या, त्यात मला आदरच आहे. पण टेबलावर माणूस एकेक सैनिक बघत नाही, तो तुकडी बघतो. चढावर दाटीने उभे असलेले साठ जण मिळून एक चित्र आहे, आणि ते चित्र मी १८ तास रंगवलं आहे. कुठे गडद हवं, कुठे उजेड हवा, साठ मुंडाशांतली तांबडी किती आणि त्या गर्दीत कुठे, हे सगळं मी ठरवलं. रंग आपोआप खाचेत उतरतो हे खरं. जलरंगात आकाश रंगवणाराही कागद तिरपा धरून पाण्याला त्याचं काम करू देतो.

शिवाय वाचलेला वेळ मी खिशात घातला नाही. महाराजांचा वेश घेतलेल्या शिवा काशीद यांची पालखी आणि बाजीप्रभू, या दोघांवर त्या ५४ तासांच्या बाहेर वेगळे नऊ तास दिले. पालखीच्या पडद्याआड बसलेल्या, आपण परत जाणार नाही हे माहीत असलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तीन रात्री होतो. त्याचे डोळे रंगवले आहेत. सगळ्या टेबलावर डोळे फक्त या दोघांना आहेत. सगळ्यांनाच सारखा वेळ द्यायचा ठरवला असता तर या दोघांना कधीच न्याय देता आला नसता.

## मग सगळे सारखेच दिसणार नाहीत का?

नेपोलियनच्या काळातल्या पलटणीत सारखं दिसणं हेच बरोबर असतं, तिथे गणवेश होता. मावळ्यांना सरसकट गणवेश नव्हता. घरच्या कपड्यांत आलेली माणसं ती. त्यामुळे सारखेपणा ही इथे इतिहासाचीच चूक होते, आणि घाण्यात रंगवताना ती सहज घडते.

त्यावर माझी तोड अशी: रंग पत्त्यांसारखे वाटायचे. मुंडाशासाठी पाच रंग ठरवले: मळका पांढरा, विटकरी तांबडा, निळीचा निळा, फिका हळदी, मातकट तपकिरी. पंधराच्या घाण्यात प्रत्येक रंग तिघांना, पण शेजारच्याला तोच नको. शेल्याला तेच पाच रंग, पण वाटणी वेगळी. नुसत्या मुंडासं-शेल्यानेच पंचवीस जोड्या होतात. त्यात कुणाला घोंगडी, कुणाला नाही. एका घाण्यातल्या पंधरा जणांत दोन सारखे शोधून दाखवा म्हणून मी पोरांना सांगतो, ती शोधत बसतात.

रंग निवडताना त्या काळातलं कापड डोळ्यासमोर ठेवलं. न रंगवलेलं सुती कापड सगळ्यात जास्त. नीळ, मंजिष्ठा आणि आल या झाडांची मुळं, हळद यांपासून निघणारे रंग, तेही उन्हाने विटलेले. घोंगडी काळपट, धनगरी लोकरीची.

आणि इथे माझं एक ठाम मत आहे. साठच्या साठ मुंडाशी भगवी करू नका. हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. भगवा तिथे झेंड्यावर आहे. मळकट पांढऱ्या, काळपट, ओल्या गर्दीत तो एकटाच भगवा असला की टेबलाच्या कुठल्याही कोपऱ्यातून नजर थेट तिकडे जाते. सगळीकडे भगवा केला तर झेंडाच दिसेनासा होतो.

असाच दुसरा मोह इंग्रजांच्या बाबतीत. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या मदतीला आले होते, रेव्हिंग्टन त्यांचा प्रमुख. त्यांना लाल डगले घालावेसे वाटतात. पण ती व्यापाऱ्यांची वखार होती, पलटण नव्हे. मी त्यांना तपकिरी-करड्या साध्या कोटांत ठेवलं.

## मुलांना देता येईल का?

आठवी-नववीच्या मुलांना नक्की देता येईल, मोठं माणूस सोबत असेल तर. काही गोष्टी मात्र पक्क्या पाळायच्या. धातूच्या जुन्या सैनिकांत शिसं असू शकतं, म्हणून त्यांचं फेटलिंग मुलांकडून करून घ्यायचं नाही, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार करायची सवय चित्रकलेच्या वर्गात लागते, ती इथे बंद. थ्रीडी प्रिंटरचं ओलं रेझिन त्वचेला आणि श्वासाला घातक असतं, ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं, मुलांच्या हातात पूर्ण टणक झालेलाच सैनिक द्यायचा. स्प्रे उघड्यावर, तोंडाला मास्क लावून.

सुरुवातीला महागडे सैनिकही नकोत. दिवाळीला किल्ल्यासाठी मातीचे मावळे बाजारात येतात, त्यातले दहा घ्या. माती किंवा प्लास्टर रंग पिऊन टाकतं, म्हणून आधी पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचा एक हात द्या आणि रात्रभर वाळवा. मग काळं अस्तर, फडक्यावर पुसलेला राखाडी ब्रश, वरून पांढरा, आणि पातळ केलेले चार-पाच रंग. ते मावळे हातभर उंचीच्या किल्ल्यावर बुरुजाशी उभे करा, आणि अंगणात चार पावलं मागे जाऊन बघा.